माळवदाची डागडुजी : भार, पाणी आणि जुने सामान

मराठवाड्यातील जुन्या घराचा आकार सांगताना त्याच्या खोल्या मोजल्या जात नाहीत, खण मोजले जातात. 'पाच खणांचे घर', 'सात खणांची ओसरी' असे म्हटले की ऐकणाऱ्याला घरमालकाच्या ऐपतीचाही अंदाज येतो. खण म्हणजे खांबांच्या दोन लगतच्या रांगांमधील गाळा होय. हे माप लाकडी सांगाड्याचे आहे. दगडी भिंतीशी त्याचा संबंध नाही. भिंत चार फूट जाडीची असो की दोन फूट, खणांची संख्या तीच राहते. घर म्हणजे प्रथम लाकडाचा सांगाडा आणि मग त्याभोवतीची भिंत, असा एक समज या शब्दयोजनेत गृहीत धरलेला दिसतो. आज अशा घरांची दुरुस्ती करताना नेमका हाच समज हरवलेला असतो. त्याचे परिणाम केवळ घराच्या रूपापुरते मर्यादित नाहीत. प्रसंगी त्यात राहणाऱ्यांच्या जिवाशी त्यांची गाठ असते. माळवदी घराची डागडुजी सुरक्षित कशी करावी व ती करताना हाताशी असलेले सामान वाया कसे जाऊ देऊ नये, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हे दोन प्रश्न वरवर वेगळे भासले तरी त्यांचे उत्तर बव्हंशी एकच आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. माळवदाची रचना

माळवद म्हणजे मातीचे सपाट छप्पर. खानदेशात त्यालाच धाबे म्हणतात. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर दाटीने मांडलेल्या लाकडाच्या ढलप्या अर्थात किलचन, तिच्यावर पाल्याचा किंवा काडाचा थर आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी ही रचना असते. धूर व उजेड यांसाठी ठेवलेले साणे आणि पावसाचे पाणी भिंतीपासून दूर फेकणारी पन्हळ हे तिचे दोन महत्त्वाचे अवयव होत. सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस आणि कडक उन्हाळा असलेल्या प्रदेशाला हे छप्पर चांगले मानवते. माती दिवसाचे ऊन शोषून घेते व घराचा आतला भाग थंड ठेवते.

भिंती काळ्या पाषाणाच्या. मात्र त्यांतील दगड चुन्यात न बसवता मातीच्या गाऱ्यात बसवलेले. भिंतीची जाडी सामान्यतः दोन ते चार फूट असते. बाहेरून ती अभेद्य भासते. परंतु प्रत्यक्षात त्या एका भिंतीच्या पोटात दोन भिंती असतात. बाहेरच्या अंगाला चांगले घडवलेले दगड, आतल्या अंगाला दुसरी रांग आणि मधल्या पोकळीत खडी, कपच्या व माती यांची भरणी. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच आढळतो. ही उणीव एरवी दिसत नाही. भिंतीला पोट आले म्हणजे ती प्रथम डोळ्यांत भरते, कारण पोट येणे हे दोन अंगे एकमेकांपासून सुटू लागल्याचे चिन्ह होय.

२. दरवर्षीची माती

माळवदावर दरवर्षी मृगापूर्वी नवी माती टाकण्याची पद्धत आहे. पावसाने झिजलेला थर भरून काढणे व भेगा बुजवणे हा तिचा हेतू. हेतू योग्य असला तरी हिशेब चुकतो. वाहून जाणाऱ्या मातीपेक्षा पडणारी माती अधिक असली की थर वाढत जातो. घर गळू लागले की आणखी माती, पुन्हा गळले की आणखी, असे एक-दोन पिढ्या चालले म्हणजे एक फुटाचे माळवद दोन फुटांचे होऊन बसते.

या वाढीचे वजन मांडून पाहावे. दाबलेल्या कोरड्या मातीचे वजन दर घनमीटरला सुमारे १,६०० किलो धरले, तर दहा फूट लांब व दहा फूट रुंद जागेवर एक इंच माती म्हणजे सुमारे पावणेचारशे किलो होतात. तीस सेंटिमीटर जाडीचा थर दर चौरस मीटरला सुमारे ४८० किलो भार टाकतो. साठ सेंटिमीटरचा थर ९६० किलो. माती पावसाने भिजली की हा आकडा आणखी वाढतो. हा सर्व भार ज्या तुळईवर येतो तिचे भिंतीत गाडलेले टोक याच काळात ओलीने व वाळवीने पोखरले जात असते. म्हणजे भार वाढतो आणि त्याच वेळी तो वाहणारे लाकूड दुबळे होत जाते. दुरुस्तीच्या नावाखाली दरवर्षी घडणारी ही क्रिया वस्तुतः घराला धोक्याकडे नेणारी असते.

३. किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास, लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर या परिसराला भूकंपाचा धक्का बसला. त्याची तीव्रता सुमारे ६.२ होती. जगातील भूकंपांच्या मानाने हा धक्का मध्यम प्रतीचा. परंतु वेगवेगळ्या गणनांनुसार साडेसात हजार ते दहा हजार माणसे त्यात मृत्यू पावली. त्यांतील बहुसंख्य माणसे झोपेत, आपल्याच घराच्या दगडमातीखाली गाडली गेली.

त्यानंतरच्या पाहण्यांतून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली, भिंतींची दोन अंगे सुटून कोसळली आणि जड माळवद त्यांच्यामागोमाग खाली आले. दुसरी, जेथे लाकडी सांगाडा धड होता व छपराचा भार खांबांवर होता, अशा कित्येक घरांत भिंती बाहेरच्या बाजूस पडूनही छप्पर जागीच राहिले. खणांच्या हिशेबात जे गृहीत होते, ते अशा घरांत प्रत्यक्ष खरे ठरले. मात्र यावरून कोणताही लाकडी सांगाडा भूकंपात तग धरतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. खांब व तुळई यांचा सांधा केवळ टेकवलेला असेल, त्याला तिरपा आधार नसेल, तर सांगाडा झुलतो आणि पडतो.

भूकंपानंतर पन्नासहून अधिक गावांचे अन्यत्र पुनर्वसन झाले. त्याखेरीज अनेक जिल्ह्यांत जुनी घरे जागच्या जागी दुरुस्त व बळकट करण्याची योजना जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवण्यात आली. तथापि लोकांच्या मनात दगडाची भीती बसली होती. जुने घर बळकट करण्याऐवजी त्याच्या शेजारी विटा-सिमेंटची एक खोली बांधणे अनेकांनी पसंत केले. जुन्या घराचा वापर मात्र चालूच राहिला, आणि त्याची डागडुजी पुन्हा पूर्वीच्याच रीतीने होऊ लागली.

४. भार कमी झाला, पण वाट बदलली

आजकाल माळवद काढून सिमेंटचा स्लॅब घालण्याकडे कल आहे. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. माळवद दरवर्षी कष्ट मागते, गळते, त्यातून माती झडते. स्लॅब स्वच्छ दिसतो व प्रतिष्ठेचा मानला जातो. त्यातच बारा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भरते. ते दोन फुटी माळवदाच्या एक-तृतीयांशाहूनही कमी आहे. मग घर अधिक सुरक्षित झाले, असे का म्हणू नये?

म्हणता येत नाही. कारण भार कमी झाला तरी त्याची वाट बदलली. माळवदाचा भार कड्यांवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर आणि खांबावरून जमिनीत जात होता. स्लॅब घालताना खांब 'अडचणीचे' म्हणून काढले जातात व स्लॅब थेट भिंतीवर टेकवला जातो. ज्या भिंतीकडे बव्हंशी आडोसा करण्याचे काम होते, तिच्यावर आता संपूर्ण छप्पर येते. ती भिंत मातीच्या गाऱ्यातील, दोन अंगांत विभागलेली, आरपार दगड नसलेली. एरवी ती हा भार वर्षानुवर्षे सोसेलही. परंतु भूकंपात किंवा अतिवृष्टीत गारा विरघळू लागला की स्लॅब अखंड असल्यामुळे अखंडच खाली येतो. एखादा खांब काढून ओसरी मोकळी करणे, कोनाडा फोडून त्याची खिडकी करणे, ही कामेही याच प्रकारची आहेत. म्हणून दुरुस्तीपूर्वी विचारावयाचा पहिला प्रश्न 'नवे काय घालावे' हा नव्हे. 'या घराचा भार आज कोठून जातो' हा होय.

५. काय करावे : छप्पर व भिंत

माळवद राखावयाचे असेल तर पहिले काम माती काढण्याचे आहे. थर साधारण वीस सेंटिमीटरपर्यंत उतरवला आणि त्याच्या पोटात जाड प्लास्टिकचा कागद पसरला, तर पाणी अडवण्यासाठी मातीची रास लागत नाही. साठ सेंटिमीटरचा थर वीसवर आला म्हणजे दर चौरस मीटरमागे सुमारे ६४० किलो भार उतरतो. दहा फुटी चौरस जागेवरून सुमारे सहा टन. इतका मोठा लाभ इतक्या अल्प खर्चात देणारी दुसरी दुरुस्ती क्वचितच असेल. माळवद पूर्ण काढून पत्रे घातल्यास भार नगण्य होतो. पण मग वादळात पत्रे उडू नयेत म्हणून ते सांगाड्याला पक्के जखडावे लागतात आणि उन्हाळ्याचा ताप सोसावा लागतो.

दुसरे काम सांगाड्याचे. प्रत्येक खांबाच्या माथ्याशी खांब व तुळई यांना जोडणाऱ्या तिरप्या लाकडी किंवा लोखंडी पट्ट्या ठोकल्या म्हणजे चौकट झुलत नाही. तुळयांची भिंतीतील टोके उघडी करून पाहावीत. पहारीच्या टोकाने ठोकले असता भरीव लाकूड खणखणीत वाजते. पोखरलेले बद्द आवाज करते. कुजलेले टोक तेवढेच कापून खाली नवा खांब देता येतो. त्यासाठी संपूर्ण तुळई टाकून देण्याचे कारण नसते.

तिसरे काम भिंतीचे. नव्या दगडी बांधकामात आरपार दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि आडवे १.२ मीटरपेक्षा अधिक अंतर न ठेवता बसवावेत, असे १९९३ च्या भारतीय मानकात सांगितले आहे. जुन्या भिंतीत असा दगड मागाहून घालता येत नसल्यामुळे एक वेगळी युक्ती योजतात. भिंतीतील एक-दोन दगड हातोडा न मारता, पहारीने हळूहळू हलवून काढावयाचे, आरपार भोक तयार करावयाचे, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून ते काँक्रीटने भरावयाचे. ती सुकली म्हणजे दोन्ही अंगांना धरणारी कडीच तयार होते. अशी भोके एका वेळी थोडीच व दूर-दूर पाडावयाची असतात. ज्या भिंतीला मोठे पोट आले आहे तिला मात्र ही युक्ती पुरत नाही. तेवढा भाग उतरवून पुन्हा रचावा लागतो.

६. पाणी आणि गिलावा

मातीच्या गाऱ्यातील भिंतीचा खरा शत्रू पाणी होय. पन्हळ तुटली, भिंतीच्या पायथ्याशी उकिरडा साचला किंवा न्हाणीचे पाणी मुरू लागले, की भिंत खालून भिजते. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे सिमेंटचा गिलावा. तो पाणी बाहेर अडवतो, अशी समजूत असते. प्रत्यक्षात तो आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही. जमिनीतून वर चढलेली ओल पूर्वी भिंतीच्या पृष्ठभागावरून उडून जात असे; गिलाव्यामुळे ती आत कोंडली जाते. शिवाय माती ओलीने फुगते व वाळून आकसते, सिमेंट तसे करीत नाही. त्यामुळे दोहोंमध्ये फट पडते, तीतून पाऊस आत शिरतो आणि गिलावा फोफसा होऊन गळून पडतो. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा भिंतीबरोबर हालतो व तिला श्वास घेऊ देतो. अर्थात गिलाव्यापूर्वी पन्हळ नीट करणे, पायथ्याशी उतार देणे व न्हाणीचे पाणी दूर नेणे, हे सर्व झालेले असले पाहिजे.

चुन्याची निवड आणखी एका दृष्टीने विचारात घ्यावी लागते. शुद्ध चुनखडीचे १०० किलो भाजले असता ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि ४४ किलो कर्बवायू हवेत जातो. भट्टीला सुमारे ९०० अंश उष्णता लागते. सिमेंटच्या भट्टीला सुमारे १,४५०. चुना भिंतीवर घट्ट होताना हवेतील कर्बवायू पुन्हा शोषून घेतो. म्हणजे दगडातून निघालेल्या वायूचा बराचसा भाग परत येतो, जळणाचा मात्र येत नाही. यावरून चुना निर्दोष ठरत नाही. पण जेथे तो भिंतीलाही अधिक मानवतो तेथे सिमेंट वापरण्याचे प्रयोजन उरत नाही, एवढे खास.

७. काम चालू असताना

दुरुस्ती ही घराची सर्वांत नाजूक अवस्था होय, कारण जुने आधार निघालेले असतात व नवे बसलेले नसतात. पुढील गोष्टी म्हणून अनिवार्य समजाव्यात. माळवदाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक तुळईखाली टेकू द्यावेत. त्यांच्या बुडाशी फळी व पाचर असावी. काम वरून खाली या क्रमाने करावे. माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवावी. एका कडेला तिचा ढीग केल्यास त्या तुळईवर दुप्पट भार येतो. धूळ बसावी म्हणून वर पाण्याचा मारा करू नये, कारण भिजलेली माती आणखी जड होते. हलका शिडकावा पुरे. काम करणाऱ्यांनी नाकातोंडावर धूळ अडवणारी पट्टी वापरावी. भिंतीच्या सांदीत विंचू व साप असतात; तेथे उघडा हात घालू नये. कळीचा चुना पाण्यात टाकताच उकळतो आणि डोळ्यांत उडाल्यास दृष्टी जाऊ शकते. चष्मा व हातमोजे यांवाचून त्याच्याजवळ जाऊ नये. कामाच्या दिवसांत घरातील वीज मुख्य ठिकाणी बंद ठेवावी. वायरिंग पुन्हा करतेवेळी जमिनीशी जोडलेली तार आणि गळती होताच ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे उपकरण बसवावे. आणि घरातील मंडळींनी त्या दिवसांत अन्यत्र झोपावे. हे शेवटचे पथ्य सर्वांत सोपे असून सर्वांत कमी पाळले जाते.

८. जुने सामान

माळवदी घर पाडले वा उतरवले की त्यातून निघणारे बहुतेक सर्व सामान पुन्हा वापरता येते. सागवानी तुळई कापून तिच्या कड्या होतात, कड्यांच्या चौकटी. घडीव दगड पुन्हा भिंतीत बसतो. लांब दगड वेगळे काढून ठेवल्यास नव्या भिंतीत तेच आरपार दगड म्हणून उपयोगी पडतात. मातीत पाणी घातले की तिचा पुन्हा गारा होतो. सिमेंटच्या गाऱ्यातून निघालेला दगड मात्र इतका सहज सुटत नाही, आणि स्लॅबचा राडारोडा ओढ्याच्या काठी नेऊन टाकला जातो. पाडकामाच्या अशा कचऱ्यासाठी केंद्र शासनाला २०१६ मध्ये स्वतंत्र नियम करावे लागले, यावरून प्रश्नाचे स्वरूप ध्यानी यावे.

पांढऱ्या मातीचा प्रश्न याहून खोल आहे. गावगाड्याच्या भाषेत शेतजमिनीला 'काळी' व वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणतात. माळवदाला लागणारी माती याच पांढरीतून, म्हणजे ओसाड गढ्या व जुन्या वस्त्यांच्या टेकाडांतून खणली जाते. ती माती म्हणजे पूर्वीच्या घरांचेच अवशेष होत. तेरसारख्या ठिकाणी अशा टेकाडांतून सातवाहनकालीन वस्तू मिळालेल्या आहेत. म्हणजे माळवदावर टाकलेली प्रत्येक जादा पाटी एकीकडे तुळईचे आयुष्य कमी करते आणि दुसरीकडे गावाच्या इतिहासाचे एक पान खणून काढते. छपरावरून उतरवलेली माती जपून ठेवली व तीच चाळून पुन्हा वापरली, तर दोन्ही हानी टळतात.

९. समारोप

वरील विवेचनात जी कामे सुरक्षिततेसाठी सांगितली, ती पाहता त्यांतील पुष्कळशी कामे काढण्याची, जपण्याची व पुन्हा बसवण्याची आहेत. नवे आणून भरण्याची थोडी. जादा माती काढली की छप्पर सुरक्षित होते आणि टेकाड वाचते. खांब राखला की भाराची वाट राहते आणि लाकूडही राहते. सिमेंटचा गिलावा टाळला की भिंत कोरडी राहते आणि भट्टीतील जळणही वाचते. सुरक्षितता व काटकसर यांचा मार्ग येथे असा एकच आहे.

हे ज्ञान गवंडी व सुतार यांच्या बोलीत अद्याप शिल्लक आहे. पण खण, किलचन, साणे हे शब्द नव्या पिढीच्या तोंडून वेगाने नाहीसे होत आहेत. ज्या अवयवाला नाव उरत नाही तो दुरुस्तीच्या वेळी 'अडचण' ठरतो व काढला जातो. म्हणून बोलींचे सर्वेक्षण करणाऱ्या अभ्यासकाने घराच्या अवयवांची केवळ नावे टिपून थांबू नये. तो अवयव कोणाचा भार घेतो, तो कोणावर टाकतो आणि तो काढल्यास काय पडेल, हेही त्याच माणसाकडून विचारून घ्यावे. तशी नोंद कोशाला उपयोगी पडेलच. पण त्या घरात झोपणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल.